‘बरा आहे’ म्हणणाऱ्या भावाला काय विचारायचं?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. पुण्यात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करत होता. मे महिन्याच्या शेवटी त्याने खोलीवर गोळ्या खाल्ल्या. रूममेट अचानक परत आला म्हणून वाचला. चार दिवस आयसीयू, दोन दिवस वॉर्ड आणि २ जूनला डिस्चार्ज. आता बार्शीजवळ गावी आई-अण्णांकडे आहे. दहा दिवस मी तिथेच होते, पण मुलांच्या शाळा सुरू होतायत, उद्या नाशिकला परत निघायचंय. डिस्चार्ज कार्डावर ‘इंटेंट – हाय’ आणि ‘होपलेसनेस १५/२०’ असं लिहिलंय. ते काय, हे कुणी सांगितलं नाही. नात्यातले एक डॉक्टर म्हणाले, ‘गोळ्या साध्याच होत्या, घाबरवायला केलं असणार.’ भाऊ शांत आहे, जेवतो, विचारलं की ‘बरा आहे’ म्हणतो. पण एकदा आईला म्हणाला, ‘वाचवायला नको होतं.’ आईने तेव्हा त्याला गळ्याची शपथ घातली. अण्णांनी गावात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं असं सांगितलंय. पोलिसांनी जबाब घेतला म्हणून पुढे नोकरीला अडचण येईल, ही त्यांना धास्ती. त्याने मित्रांकडून साठ हजार उसने घेतले होते, हेही आता कळलं. धोका टळला का? मी हा विषय काढू का, की काढल्याने पुन्हा त्याच्या डोक्यात येईल? आणि एवढ्या लांबून मी करू तरी काय?
– एक बहीण, नाशिक

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देतो. धोका अजून टळलेला नाही. हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, साधारण तीन महिन्यांपर्यंत, सगळ्यात नाजूक असतात. पण त्याच्या जोडीला दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. असा प्रयत्न करून वाचलेल्या माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने गेलेले नाहीत. म्हणजे बहुतेक जण यातून बाहेर येतात. या नाजूक महिन्यांत घरच्यांनी काय करायचं, तेवढंच आता बघायचं आहे. तुम्ही नाशिकला असलात तरी त्यातलं बरंच तुमच्या हातात आहे.

आता ते कार्ड. त्यावरच्या दोन नोंदी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि घरात त्यांची सरमिसळ होते आहे.

‘इंटेंट’ म्हणजे त्या क्षणी मरण्याचा इरादा किती पक्का होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तो मोजण्यासाठी १५ प्रश्नांची एक पट्टी तयार केली. आजही अनेक ठिकाणी कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णाशी त्याच धर्तीवर बोललं जातं. त्या वेळी तो एकटा होता का, कुणाला काही बोलला होता का, आवराआवर केली होती का, आधीपासून ठरवलं होतं की तिथल्या तिथे सुचलं, हे विचारतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, यातून आपलं काय होणार असं त्याला *वाटत होतं*, ते विचारतात. नात्यातल्या डॉक्टरांचं इथेच चुकतंय. गोळी साधी होती की जहाल, हे डॉक्टरला कळतं. चोवीस वर्षांच्या पोराला ते ठाऊक असेलच असं नाही. आपण नक्की मरणार असं समजून त्याने त्या घेतल्या असतील, तर इरादा पक्काच होता, शरीराला इजा कितीही कमी होवो. बेक यांच्या गटालाच पुढे दिसलं की, परिणाम काय होईल याची नेमकी कल्पना ज्यांना होती, त्यांच्याच बाबतीत इरादा आणि इजा यांचा मेळ बसतो. बाकीच्यांत बसत नाही. तेव्हा ‘घाबरवायला केलं’ हे वाक्य घरात पुन्हा कुणी उच्चारू नये, एवढं तुम्ही निघण्याआधी बघा. भावाच्या कानावर ते गेलं तर ‘यांना माझं खरंच वाटलं नाही’ एवढंच त्याच्या मनात उरतं.

‘होपलेसनेस १५/२०’ ही दुसरी पट्टी, तीही १९७४ चीच. पुढच्या दिवसांबद्दलची २० छोटी वाक्यं असतात आणि प्रत्येकापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगायचं. ३ पर्यंत गुण म्हणजे काळजीचं कारण नाही, ४ ते ८ सौम्य, ९ ते १४ मध्यम आणि १५ पासून पुढे तीव्र. तुमचा भाऊ तीव्रच्या उंबरठ्यावर आहे. दुःख आणि हताशा यांत फरक आहे. दुःखी माणूस म्हणतो, ‘आज वाईट वाटतंय.’ हताश माणूस म्हणतो, ‘आता पुढे काही नाहीच.’ दुःखी माणूस रडतो, चिडतो, बोलतो. हताश माणूस बरेचदा शांत असतो, जेवतो आणि ‘बरा आहे’ म्हणतो. बेक यांनी १९८५ मध्ये आत्महत्येचे विचार येतात म्हणून दाखल झालेल्या २०७ रुग्णांचा दहा वर्षांपर्यंतचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांतले १४ जण आत्महत्येने गेले, आणि ज्यांची ही चाचणी झालेली होती त्यांतल्या एकाचा अपवाद सोडता सगळ्यांचे गुण ९ च्या वर होते. नैराश्य किती खोल आहे यापेक्षा हताशा किती आहे, हेच जास्त बोलकं ठरलं.

मात्र हा आकडा भविष्य म्हणून वाचू नका. ९ च्या वर गुण असलेले बहुसंख्य लोक त्या अभ्यासातही जिवंतच राहिले. अशा पट्ट्यांवरून पुढचं भाकीत करू नये, असं उपचारांचे निकष ठरवणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलेलं आहे. १५ या आकड्याचा उपयोग एकच : काम कुठे करायचं ते त्यावरून कळतं. आणि हा आकडा ताप उतरावा तसा उतरू शकतो. तो भावाचा स्वभाव नव्हे आणि त्याच्या आयुष्याचा निकालही नव्हे.

एक गोष्ट घरच्यांना नेहमी कोड्यात टाकते. वॉर्डात दोन दिवसांत माणूस निवळल्यासारखा दिसतो. सगळे भोवती असतात, डोक्यावरून हात फिरतो, कुणी रागावत नाही, मरण्याची ती तीव्र ऊर्मीही ओसरलेली असते. इरादा तासागणिक खाली येतो, पण हताशा तशी येत नाही, कारण ती ज्यावर उभी असते ते सगळं जागेवरच असतं : निकाल, उसने पैसे, मित्रांचे फोन आणि आता वर ‘असं केलं’ ही शरम. माणूस घरी येतो आणि ते सगळं पुन्हा समोर दिसतं. म्हणून डिस्चार्जनंतरचे दिवस अवघड जातात. ‘वाचवायला नको होतं’ हे तो वॉर्डात नाही, घरी आल्यावर म्हणाला ना? त्याचं कारण हे.

विषय काढायचा का? हो, काढायचाच. विचारल्याने विचार डोक्यात येतो ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि ती तपासून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ मुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. विचारलेल्यांत ना त्रास वाढला, ना विचार वाढले. आधी प्रयत्न केलेल्या मुलांना तर उलट थोडं हलकंच वाटल्याचं दिसलं. तुमच्या भावाच्या डोक्यात तो विचार आहेच, तुम्ही तो नव्याने पेरणार नाही. न विचारल्याने तो फक्त एकटा पडतो.

कसं विचारायचं, तेही नेमकं सांगतो. आई-अण्णांसमोर नको, जेवणाच्या ताटावर नको. उद्या निघण्याआधी संध्याकाळी त्याच्याबरोबर रस्त्याने चालताना विचारा. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही आणि बोलणं सोपं जातं. गोलगोल नको, ‘काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?’ असंही नको, कारण त्या प्रश्नात ‘नाही म्हण’ हे उत्तर आधीच भरलेलं असतं. सरळ म्हणा : ‘मरून जावं असं आजही मनात येतं का?’ तो ‘हो’ म्हणाला तर दचकू नका. ‘किती वेळा येतं? कुठल्या वेळी जास्त येतं?’ मग, ‘कसं, कधी, असं काही ठरवलंयस का?’ शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर त्या दिवशी नाशिकची गाडी पकडू नका. काय करायचं ते पुढे लिहिलंय.

त्यानंतर काय बोलायचं? फार कमी. ‘तू आहेस, मला बरं वाटतंय’ हे पुरेसं आहे. ‘आमचा विचार नाही आला का?’ हे वाक्य तुमच्या पोटातून येईल, ते गिळा. त्याच्या मनात बहुधा ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ हाच हिशेब होता, म्हणजे तुमचा विचार त्याने केला, पण उलटा केला. ‘बघ, लोक किती वाईट परिस्थितीतून वर येतात’ हेही नको. हताशेशी वाद घालून ती हरत नाही. ती प्रत्येक उदाहरणाला ‘ते वेगळे, मी वेगळा’ असं उत्तर देते.

आईच्या शपथेबद्दल. आईचं काळीज तुटलं म्हणून तिने शपथ घातली, तिला दोष नाही. पण शपथ, वचन, ‘असं करणार नाही’ असं लिहून घेणं, यांनी धोका कमी होतो असा पुरावा नाही. उलट एक अडचण होते. पुन्हा विचार आला तर तो आता आईला सांगू शकत नाही, कारण विचार येणं म्हणजेच शपथ मोडणं. आईकडूनच ती सोडवून घ्या. आईने त्याला म्हणावं, ‘शपथ सुटली. विचार आला तर माझ्याकडे ये, मला उठव, रात्री दोन वाजले असले तरी.’

शपथेऐवजी एक कागद करायचा असतो : विचार आला तर पायरीपायरीने काय करायचं, त्याचा. अमेरिकेत बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तो बसवला. कॅज्युअल्टीतून घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर असा कागद बनवून नंतर ठरावीक फोन केले, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा तसं काही करण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदाला अर्धा-पाऊण तास लागतो. समुपदेशकाबरोबर झाला तर उत्तम, पण तोवर थांबू नका. एकच पान, भावाच्या हस्ताक्षरात, भावाच्या शब्दांत. तुमच्या शब्दांत लिहिलात तर तो तुमचा कागद होतो आणि रात्री उपयोगाला येत नाही.

सुरुवात खुणांपासून होते : हा विचार येऊ लागला हे मला कशावरून कळतं? ‘टेन्शन आल्यावर’ असं मोघम लिहू देऊ नका. ‘रात्री अकरानंतर झोप येत नाही आणि मी मोबाइलवर निकालाची यादी पुन्हा पुन्हा उघडतो’ असं हवं. त्याखाली, एकट्याने करता येईल असं काय? ‘व्यायाम’ नको, ‘अंगणातल्या नळावर डोकं भिजवणं, गोठ्यात जाऊन म्हशीपाशी बसणं’ चालेल. लिहिल्यावर विचारा, ‘रात्री दोनला हे खरंच करशील? काय आडवं येईल?’ गोठ्यातला दिवा गेलेला असेल तर तो उद्या सकाळी बदला. योजना फसते ती अशाच बारक्या गोष्टींवर. मग ज्यांच्याजवळ नुसतं बसलं तरी मन दुसरीकडे जातं अशी माणसं आणि जागा. तिथे हा विषय काढायची गरज नाही. त्यानंतर ज्यांना ‘मला ते विचार येतायत’ असं स्पष्ट सांगता येईल अशी दोन-तीन नावं, फोन नंबरांसह. तुमचं नाव इथे येईल. पण विचारून घाला, गृहीत धरू नका. मग डॉक्टर आणि हेल्पलाइन : टेलि-मानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्या आणखी कुणाला स्वतःसाठी गरज असेल, तर हाच नंबर आत्ता लावा.

सहावी पायरी म्हणजे घर सुरक्षित करणं. आमच्या मते बाकी पाचही पायऱ्या एका बाजूला आणि ही एका बाजूला. मरण्याची तीव्र ऊर्मी लाटेसारखी येते आणि बरेचदा काही मिनिटांत, फार तर काही तासांत ओसरते. त्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर जवळजवळ निम्म्यावर आला. माणसांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती.

गावाकडचं घर, म्हणजे शेती असणारच. फवारणीची औषधं घरात, ओसरीत, गोठ्यात कुठेही नकोत. पेटीत कुलूपबंद करून ठेवली की झालं, असं वाटतं. पण श्रीलंकेतच १८० गावांत, पन्नास हजारांहून जास्त घरांत कुलपाच्या पेट्या काही गावांतल्या घरांना देऊन आणि काही गावांत न देऊन पाहिलं, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आला की फरक पडला नाही. किल्ली घरातच असते, हंगामात पेटी उघडीच राहते. म्हणून औषधं घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात गेली पाहिजेत. चुलत्यांकडे द्या, किंवा फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच दुकानातून आणा. अण्णांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आठवड्यापुरत्याच घरी, बाकी आईच्या किल्लीखाली. जुन्या, अर्धवट स्ट्रिपा, खोकल्याच्या बाटल्या, सगळं उद्या निघताना पिशवीत भरून तुम्ही घेऊन जा. बाकी कशापासून दूर ठेवायला हवं, ते त्यालाच विचारा. तो सांगतो, आणि सांगितल्यावर त्याला स्वतःलाही हायसं वाटतं. हे चोरून करू नका. ‘काही महिन्यांपुरतं आहे. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही, ती एखादी वाईट रात्र टळावी म्हणून आहे’ असं त्याला सांगून करा.

पहिले तीन-चार आठवडे रात्री त्याच खोलीत कुणीतरी झोपावं. दाराची आतली कडी काढून ठेवा. पण दिवसभर पहारा नको. बाथरूमच्या दारावर दर दोन मिनिटांनी थापा मारल्या की माणूस कैदी होतो. अण्णा सकाळी, आई दुपारी, चुलतभाऊ संध्याकाळी, अशी वाटणी करा, म्हणजे एकट्या आईवर भार येणार नाही. घरात किंवा मित्रांत दारू असेल तर ती या काळात पूर्ण बाहेर.

उपचार. डिस्चार्जपासून सात दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांची भेट व्हायला हवी होती. ती राहिली असेल तर याच आठवड्यात करा. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. डिस्चार्ज कार्ड आणि त्याच्या लिखाणाचा तो कागद, दोन्ही बरोबर न्या. नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर तीन गोष्टी अण्णांना नीट समजावा. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण दिसायला त्याहून जास्त, म्हणून ‘आठ दिवस झाले, फरक नाही’ म्हणून बंद करायच्या नाहीत. २५ पेक्षा कमी वयात पहिल्या काही आठवड्यांत काहींची बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात. तुमचा भाऊ त्याच वयाचा आहे, तेव्हा असा बदल दिसला की पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. आणि कधी कधी अंगात बळ आधी येतं, आशा मागून येते. ‘आता हिंडायला-फिरायला लागलाय’ हे ऐकून लक्ष ढिलं करू नका. औषध एका वेळी आठवड्याचंच लिहून मागा, आणि ते आईच्या हातातून त्याच्या हातात जाऊ दे.

गोळ्या झोप आणि मन सावरतात. हताशेवर मात्र बोलण्याचे उपचार लागतात. फिलाडेल्फियात असा प्रयत्न करून इमर्जन्सीत आलेल्या १२० जणांचा अभ्यास २००५ मध्ये आला. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत कॉग्निटिव्ह थेरपीची दहा सत्रं दिली. पुढच्या दीड वर्षात पुन्हा प्रयत्न करणारे दुसऱ्या गटात ४२ टक्के होते, या गटात २४ टक्के. सहा महिन्यांनी हताशेचे गुणही कमी होते. त्या सत्रांत काय करतात? ‘पुढे काही नाही’ या एका मोठ्या वाक्याचे तुकडे करतात आणि एकेक तुकडा हाताळता येतो का ते पाहतात.

तुमच्या घरात एक तुकडा आत्ताच हाताळण्यासारखा आहे : साठ हजार. पुष्कळदा घरचे म्हणतात, ‘पैशाचं सोड, तू काळजी करू नकोस.’ त्याला ते सोडता येत नाही. वही घ्या, त्याच्या शेजारी बसा. कुणाचे किती, कधी घेतले, कोण आत्ता मागतोय आणि कोण थांबेल. समजा, चार नावं निघाली. त्यांतला एकच तगादा लावणारा असतो. त्याला या महिन्यात द्या, उरलेल्या तिघांना भावाच्याच फोनवरून एक ओळ जाऊ दे : ‘तब्येत बिघडली होती, दर महिन्याला थोडे थोडे पाठवतो.’ डोक्यात गरगरणारा साठ हजारांचा आकडा कागदावर चार ओळींचा होतो. खोलीचं डिपॉझिट आणि मेसची बाकी अण्णा किंवा तुमचे मिस्टर परस्पर मिटवू शकतात. परीक्षा द्यायची की सोडायची, हे मात्र आत्ता ठरवू नका, त्यालाही ठरवू देऊ नका. ‘सप्टेंबरपर्यंत हा प्रश्न बंद’ एवढंच ठरवा. आणि आयोगाचा कुठला निकाल लागणार असेल ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. त्या दिवशी घरात कुणीतरी त्याच्याजवळ असलंच पाहिजे.

अण्णांची धास्ती. विषबाधा किंवा अशा प्रयत्नाची केस आली की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं आणि पोलीस जबाब घेतात, ही नेहमीची कार्यपद्धती आहे. तो जबाब म्हणजे गुन्हा नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. सरकारी नोकराला काम करण्यापासून अडवण्यासाठी किंवा भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली येतो, तुमच्या भावाचा त्याच्याशी संबंध नाही. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच कलम २३ मध्ये आहे. अण्णांना हे भावासमोर बसवून सांगा, कारण ती धास्ती त्यालाही असणार.

अपेंडिक्सचं म्हणाल तर गावाला सगळं सांगायची सक्ती नाही. पण खोटी गोष्ट भावालाच रोज निभवावी लागते : टाके दाखव, पथ्य काय, कुठला डॉक्टर. काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. ‘तब्येत बिघडली होती, उपचार चालू आहेत’ हे खरंही आहे आणि पुरेसंही.

लगेच हॉस्पिटल कधी? कसं-कधी ठरवलंय असं तो म्हणाला, साधन शोधताना दिसला, निरवानिरवीची भाषा करू लागला, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, दोन-तीन रात्री झोपेविना येरझारा घालू लागला, न दिसणारं दिसतंय-ऐकू येतंय म्हणाला, किंवा खूप तळमळीनंतर अचानक, कारण नसताना, अगदी मोकळा झाला. यातलं काहीही दिसलं तर त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका. १०८ ची ॲम्ब्युलन्स किंवा ११२, आणि थेट कॅज्युअल्टी. तो नको म्हणाला तरी न्या. जिवाला धोका असेल तर तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत देण्याची तरतूद कायद्यात आहे. देवऋषी, अंगारा हा घरच्यांच्या श्रद्धेचा भाग असेल तर त्यावर आत्ता भांडत बसू नका, फक्त त्यासाठी कॅज्युअल्टीला जाणं थांबता कामा नये.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, लांबून काय करू. चेन्नई, कोलंबो, ब्राझीलचं कँपिनास, इराणचं कराज आणि चीनचं युनचेंग या पाच ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास झाला. प्रयत्न करून इमर्जन्सीत आलेले १,८६७ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याशिवाय निघताना तासभर समजावून सांगणं आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा संपर्क, फोनवर किंवा भेटून, कसं चाललंय एवढं विचारायला आणि गरज पडली तर उपचारांकडे वळवायला. आत्महत्येने गेलेले पहिल्या गटात २.२ टक्के होते, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. तिथे हे फोन प्रशिक्षित माणसांनी केले होते, आणि डॉक्टरांची जागा तुमच्या फोनने भरून निघणार नाही. पण ते वेळापत्रक तुम्हाला उचलता येईल : १, २, ४, ७ आणि ११ वा आठवडा, मग ४, ६, १२ आणि १८ वा महिना. २ जूनपासून मोजलं तर ९ जूनला तुम्ही तिथेच होता. पुढे १६ जून, ३० जून, २१ जुलै, १८ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २ डिसेंबर, पुढच्या वर्षी २ जून आणि २ डिसेंबर. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर या तारखांना गोल करा. मधले रोजचे फोन वेगळे. ते म्हशीचे, पावसाचे, भाच्याच्या शाळेचे असू देत. या गोल केलेल्या दिवशी मात्र तो प्रश्न थेट विचारायचा.

तो ‘बरा आहे’ म्हणून फोन ठेवू लागला, तर आकडा मागा. ‘पुढे काहीच नाही असं वाटणं दहापैकी आज किती?’ काल आठ होते आणि आज सात म्हणाला, तर ‘एक कशाने कमी झाला?’ एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर ‘काही नाही, वासरू झालं काल’ असं असेल. त्या वासराबद्दल दहा मिनिटं बोला. उद्याही विचारा, ते उभं राहिलं का. आकडा नऊ-दहावर अडकून राहिला तर आईला त्याच रात्री त्याच्याजवळ बसायला सांगा, त्याला स्वतःला काही करून घेईन अशी भीती वाटतेय का ते विचारा, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा.

फोन उचलला नाही, तर पंधरा मिनिटांनी पुन्हा. तेव्हाही नाही, तर आईला. आईचाही लागला नाही, तर घराजवळच्या एका माणसाला, जो पाच मिनिटांत दारात जाऊ शकेल. तो माणूस कोण, हे उद्या गाडीत बसायच्या आधी भावाला विचारून ठरवा आणि त्याचा नंबर त्या कागदावर लिहून घ्या.